अंगठ्याच्या हुकमतीतले रीळ

गळाने मासे धरण्याचा छंद ज्यांना नव्याने लागला आहे, अशी मंडळी रीळ घेण्यासाठी दुकानात जातात तेव्हा त्यांच्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न बहुधा आतील बेअरिंगांच्या संख्येविषयी असतो, आणि दुकानदारही ती संख्या ठळक अक्षरांत छापलेली पेटी पुढे सरकवितो. वास्तविक गिऱ्हाइकाने आधी स्वतःलाच विचारावयाचा प्रश्न असा, की आपण किती वजनाचे आमिष फेकणार, कोणत्या पाण्यात फेकणार आणि त्या पाण्यातला मासा आपल्या दोरावर किती जोर करणार. या तीन गोष्टींची खातरजमा झाली, की निवडीचा निम्मा कारभार आपोआप उरकतो. उरलेला निम्मा हाताच्या तालमीचा आहे; आणि ज्या गोल बांध्याच्या बेटकास्टिंग रिळाविषयी येथे विस्ताराने लिहावयाचे आहे, त्याच्या बाबतीत हात म्हणजे मुख्यतः अंगठाच होय.

हे रीळ काठीच्या वरच्या अंगास बसते. धातूच्या दोन वाटोळ्या तबकड्यांच्या मध्ये दोर गुंडाळलेली फिरकी काठीला काटकोनात आडवी असते, आणि फेक करताना आमिषाच्या ओढीने ती स्वतः फिरून दोर सोडते. स्पिनिंग रिळात फिरकी स्थिर राहते व दोर तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी निसटतो. म्हणून तेथे नवशिक्याचे चटकन निभावते, परंतु दोराला पीळ पडतो आणि जड माशाच्या ओढीखाली दोर काटकोनात वळून चकतीवर घासतो. बेटकास्टिंग रिळात दोर सरळ येतो आणि सरळ जातो, हेच त्याचे बळ. त्याचा दोष मात्र त्याच गुणातून निघालेला आहे. पतंग एकाएकी ढिला पडला तरी साथीदाराच्या हातातली फिरकी जशी आपल्याच वेगाने फिरत राहते आणि मांजाचा गुंता होतो, तसेच आमिष हवेत मंदावले तरी रिळाची फिरकी मंदावत नाही आणि सुटलेला दोर फिरकीवरच उलटा चढून बसतो. या गुंत्याला भिऊन पुष्कळजण हे रीळ कपाटात ठेवून देतात, ही मोठी हानी आहे, कारण त्याचा बंदोबस्त प्रत्येकाच्या उजव्या किंवा डाव्या अंगठ्यात आहे.

या यंत्राची वंशावळ घड्याळजींच्या घरची आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात पॅरिस नावाचे गाव आहे. तेथील जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभकाळात, मुठीच्या एका फेऱ्याला फिरकीचे अनेक फेरे व्हावेत अशा दातेरी चक्रांचे रीळ घडविले, आणि त्याच्यामागून त्याच राज्यातील मीक बंधूंनी ही कारागिरी वाढविली. त्या काळी दोर फिरकीवर सारखा पसरविण्याचे काम बोटांनी करावे लागे. १८९० नंतरच्या दशकात मिशिगनमधील कॅलमझूच्या विल्यम शेक्सपिअर याने हे काम करणाऱ्या सरकत्या कडीच्या यंत्रणेचे पेटंट मिळविले. पुढे स्वीडनमधील स्वँगस्टा या गावी १९२१ साली निघालेला आबू हा कारखाना घड्याळे आणि टॅक्सीमीटर बनवीत होता. दुसऱ्या महायुद्धाने टॅक्सीमीटरची बाजारपेठ बुडविली, तेव्हा त्या कारागिरांनी आपले कसब रिळांकडे वळविले आणि १९५२ साली 'अँबॅसडर ५०००' हे तांबडे, गोल रीळ बाजारात आणले. आज जपानी कंपन्यांची गोल रिळे, उदाहरणार्थ शिमानोचे 'कलकत्ता' किंवा दायवाचे 'मिलियनेअर', बांधणीत अधिक नाजूक व सुबक असतील. परंतु रचनेचा पाया तोच राहिला आहे. हा इतिहास सांगण्याचे कारण इतकेच, की घड्याळजीच्या परंपरेतली ही वस्तू उघडण्यासाठी, पुसण्यासाठी, झिजलेला भाग बदलून पुन्हा जोडण्यासाठी घडविलेली आहे, आणि जे रीळ तुम्हांला स्वतःला उघडता येत नाही ते कितीही महागाचे असले तरी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता निवडीकडे वळू. बुटक्या बांध्याचे आधुनिक बेटकास्टिंग रीळ दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, मुठीत सहज मावते आणि दिवसभर हलकी आमिषे फेकणाऱ्याला थकवीत नाही. मध्यम आकाराचे गोल रीळ तीनशे ते साडेतीनशे ग्रॅम वजनाचे असते. या जादा वजनाच्या मोबदल्यात तुम्हांला काय मिळते, तर भरपूर दोर मावणारी फिरकी, रुंद दातेरी चक्रे, ड्रॅगच्या, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की दोर सरकू देणाऱ्या पकडीच्या, मोठ्या चकत्या आणि ओढीखाली न वाकणारा सांगाडा. म्हणून दहा ग्रॅमच्या आतले आमिष फेकावयाचे असेल तर गोल रीळ घेऊच नये. ते आमिष फिरकीला गती देऊ शकत नाही आणि सगळा दोष विनाकारण अंगठ्याच्या माथी येतो. पंधरा ते चाळीस ग्रॅमचे चमचे, लाकडी वा प्लॅस्टिकचे मासे, शिशासह लावलेली जिवंत कोळंबी, कणकेचा मोठा गोळा, हे या रिळाचे खरे क्षेत्र आहे. कोकणातल्या खाडीत कांदळवनाच्या मुळांशी दबा धरून बसणारा जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, किंवा खडकाळ तोंडापाशी मिळणारी तांबोशी यांसाठी मध्यम आकार, म्हणजे अँबॅसडरच्या मोजणीत ५५०० ते ६५०० हा क्रमांक, पुरेसा होतो. वाहत्या मोठ्या नदीतला महसीर ही बाब वेगळी. म्हैसूरच्या व्हॅन इंगन घराण्यातील एका गृहस्थांनी १९४६ साली धरलेल्या महसीराचे वजन १२० पौंड भरले होते. तसला मासा आज कोणाच्या वाट्याला येण्याचा संभव नसला, तरी त्याच्या दहाव्या हिश्शाचा महसीरसुद्धा प्रवाहाची साथ घेऊन एका दमात शंभर मीटर दोर नेऊ शकतो. म्हणूनच कावेरीवर जाणाऱ्यांच्या हाती पूर्वी ७००० क्रमांकाची जाड रिळे दिसत.

चक्रांचे प्रमाण हा दुसरा विचार. ५.३ ला १ असे लिहिलेले असेल तर मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे पाच फेरे आणि वर थोडे होतात, व मध्यम रीळ सुमारे पासष्ट सेंटिमीटर दोर गुंडाळते. मोठ्या रिळांत हे प्रमाण ४.१ पर्यंत उतरते. वेग वाढला की जोर घटतो, हा यंत्रशास्त्राचा नियम येथेही लागू आहे. पहिले रीळ घेणाऱ्याने पाचाच्या आसपासचे प्रमाण निश्चिंतपणे घ्यावे. बेअरिंगे दोन असली तरी चालतात, फक्त ती चांगली असावीत. मूठ डावीकडची की उजवीकडची, याविषयी फार वाद घातला जातो. ज्या हाताने माशाशी झुंजताना काठी धरणे तुम्हांला सोयीचे वाटते त्याच्या उलट बाजूची मूठ घ्यावी, इतकेच पुरे.

सरकती कडी असावी की नसावी? समुद्रकिनाऱ्यावरून अत्यंत लांब फेक करणारे लोक ती काढून टाकतात, कारण तिच्या घर्षणात थोडी शक्ती वाया जाते. परंतु मग मासा ओढीत असताना, अंधारात, लाट पायांशी आदळत असताना दोर अंगठ्याने सारखा पसरवीत राहावे लागते. इतरांनी कडीसहच रीळ घ्यावे.

जुने रीळ विकत घेण्यात कमीपणा मुळीच नाही, उलट चांगल्या स्थितीतले जुने गोल रीळ पुष्कळ नव्या स्वस्त रिळांहून सरस ठरते. मात्र व्यवहार पक्का करण्यापूर्वी मूठ हळूहळू फिरवून दाते एकसारखे मिळतात की मध्ये खरखर लागते हे पाहावे. सरकती कडी दोन्ही टोकांना पोचून न अडखळता परत फिरते का ते पाहावे. कळ दाबून फिरकी मोकळी करावी व बोटाने टिचकी मारून ती बराच वेळ निःशब्द फिरते याची खात्री करून घ्यावी. ड्रॅग निम्मा आवळून हाताने दोर ओढावा आणि तो धक्के न देता सुटतो की नाही हे अनुभवावे. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर ते रीळ अनाडी हातांनी उघडले गेले आहे असे समजावे. पायाच्या खालच्या बाजूला पांढरी पूड दिसली, तर ॲल्युमिनियमला खाऱ्या पाण्याने खाल्ले आहे. तो सौदा तहकूब ठेवावा.

काठीही या रिळाला साजेशीच हवी. तिच्या मुठीखाली बोट अडकविण्यास आकडा असतो आणि कड्या वरच्या अंगाला येतात. स्पिनिंगच्या काठीवर हे रीळ चढवू नये. काठीवर लिहिलेली आमिषाच्या वजनाची मर्यादा दर्शनी शोभेसाठी नसते, तिचा मान राखावा.

दोर म्हणून आरंभी साधा नायलॉनचा तंगूस उत्तम. ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगूस मध्यम रिळावर दोनशे मीटरच्या आसपास मावतो, आणि तो थोडा ताणला जात असल्यामुळे नवशिक्याच्या चुका पोटात घालतो. विणलेला दोर बारीक आणि बळकट खरा, परंतु तो गुळगुळीत फिरकीवर घसरतो, म्हणून त्याच्याखाली काही वेढे तंगुसाचे द्यावे लागतात. आणि सैल गुंडाळला असेल तर मोठ्या ओढीने वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात व पुढची फेक तेथेच अडून आमिष तुटून जाते. कोणताही दोर भरताना तो ओल्या कापडाच्या चिमटीतून ताण देऊन गुंडाळावा आणि फिरकीच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. काठोकाठ भरण्याचा मोह टाळावा.

आता फेकीचे शास्त्र. गुंत्यापासून बचाव करणारी तीन साधने रिळांत आढळतात आणि त्यांचे अधिकार निरनिराळे आहेत. बाजूच्या तबकडीवरील लहान गोल टोपण फिरकीच्या आसावर थेट दाब देते. आतल्या बाजूस फिरकीबरोबर फिरणारे लहान ठोकळे असतात. वेग वाढला की ते केंद्रापासून दूर फेकले जाऊन धातूच्या कड्यावर घासतात, आणि ही शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे फेकीच्या आरंभी, जेव्हा फिरकी सर्वांत बेफाम असते, तेव्हा त्यांचा अंमल सर्वांत कडक असतो. काही रिळांत ठोकळ्यांऐवजी लोहचुंबक असतात. त्यांचा विरोध वेगाच्या साध्या प्रमाणात असल्यामुळे तो फेकीच्या उत्तरार्धातही जाणवत राहतो, आणि वाऱ्याच्या तोंडावर फेकणाऱ्याला त्याचा आधार होतो. परंतु आमिष पाण्याला टेकते त्या क्षणी फिरकी थांबविणे हे काम या तिघांपैकी एकालाही पूर्णपणे करता येत नाही. ती मुखत्यारी अंगठ्याचीच.

सरावासाठी पाणी नको, मोकळे मैदान हवे. गळ काढून टाकून वीस ग्रॅमचे शिसे बांधावे, सर्व ठोकळे कामाला लावावे, काठी तिरपी उभी धरून अंगठा फिरकीवर ठेवावा व कळ दाबावी. अंगठा उचलल्यावर शिसे सावकाश खाली आले पाहिजे, आणि जमिनीला लागताच फिरकी जेमतेम एक फेरा घेऊन थांबली पाहिजे. तसे होईपर्यंत टोपण आवळावे किंवा सैल करावे. आमिषाचे वजन बदलले की ही कसोटी पुन्हा घ्यावी, यात आळस करू नये. मग वारा पाठीशी घेऊन उभे राहावे. काठी मागे नेताना रीळ कुशीवर वळवून मूठ आकाशाकडे करावी, म्हणजे मनगट मोकळे हलते आणि फिरकी एका टोकावर उभी राहून हलकी फिरते. काठीला हिसडा देऊ नये. तिला वाकू द्यावे आणि तिच्या वाकण्यातली शक्तीच आमिषाला नेऊ द्यावी. हिसडा दिला की आमिष निघण्यापूर्वीच फिरकी धावू लागते, आणि नवशिक्यांचे बहुतेक गुंते याच पहिल्या क्षणात होतात. दोर सुटू लागल्यावर अंगठ्याचा मांसल भाग, त्याचे टोक नव्हे, दोरावर इतका हलका टेकलेला असावा की दोराचे वेढे वर उठू लागले तर ते त्वचेला कळावेत. नजर फिरकीकडे न ठेवता आमिषाकडे ठेवावी. ते खाली झुकू लागले की दाब वाढवीत जावा आणि ते टेकण्याच्या अगोदर फिरकी पूर्ण थांबवावी. ही क्रिया सवयीची झाली म्हणजे आमिष हव्या त्या जागी, पाण्याचा आवाज न करता उतरविता येते. जिताडा ज्या मुळाखाली असेल त्याच्या वीतभर अंतरावर ते नेऊन ठेवणे ही या रिळाची अशी करामत आहे की दुसऱ्या कोणत्याही साधनाला ती इतक्या नेमकेपणाने साधत नाही. अंतराचा लोभ मात्र सुरुवातीला धरू नये. वीस मीटरवर ठेवलेल्या टोपलीत शिसे पडू लागले, की मगच ठोकळे एकेक करून कमी करावे.

गुंता झालाच तर दोर जोराने ओढून गाठी पक्क्या करू नयेत आणि चाकू तर काढूच नये. ड्रॅग आवळून अंगठा फिरकीवर दाबून धरावा, मुठीचे दोन-तीन फेरे द्यावेत आणि मग दोर हलकेच ओढून पाहावा. अडकलेले वेढे चपटे होऊन बहुधा मोकळे होतात.

ड्रॅग म्हणजे मुठीखालच्या तारकाकृती चक्राने आवळल्या जाणाऱ्या चकत्यांची पकड. मासा ठराविक जोरापेक्षा अधिक ओढू लागला तर दोर तुटण्याऐवजी सरकत सुटावा, ही तिची योजना. दोराच्या तुटण्याच्या मर्यादेच्या चतुर्थांशापासून तृतीयांशापर्यंत ती ठेवावी. म्हणजे दोर आठ किलोचा असेल तर दोन ते पावणेतीन किलो. ही मोजणी बोटांच्या अंदाजाने करू नये. दोराचे टोक ताणकाट्याला बांधून, काठी वाकवून करावी. येथे एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे आणि अनुभवी माणसेही ती विसरतात. दोर निघून गेला की फिरकीवरील वेढ्यांचा व्यास घटतो, आणि चकत्यांची पकड तीच राहिली तरी दोर सुटण्यास लागणारी ओढ वाढते. भरलेल्या फिरकीचा व्यास चार सेंटिमीटर असताना २.४ किलोवर सुटणारा दोर, व्यास तीन सेंटिमीटरवर आल्यावर ३.२ किलोवर सुटतो. त्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या लांब दोराचा विरोध आणखी मिळतो. म्हणून मासा दूर पळाला की घाबरून तारका आवळण्याची जी उपजत इच्छा होते, ती आवरली पाहिजे. दूरच्या माशासाठी ड्रॅग उलट किंचित सैल करावयाचा असतो. जास्त अटकाव हवाच असेल तर अंगठा फिरकीवर टेकवावा, कारण तो क्षणात उचलता येतो. मासा पळत असताना मूठ फिरवू नये. तो थांबला की काठी सावकाश उचलावी आणि खाली आणताना गुंडाळावे.

खाऱ्या पाण्यावरून परतल्यावर त्याच रात्री रिळाची निगा राखली पाहिजे, दुसऱ्या दिवशी नव्हे. ड्रॅग आवळून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी, जोराचा फवारा मारू नये, कारण तो मीठ आत ढकलतो. मग पुसून, वाळवून, ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावे, म्हणजे चकत्या दाबून राहत नाहीत. बेअरिंगांना आणि सरकत्या कडीच्या नागमोडी खाचांच्या दांड्याला पातळ तेलाचा एकेक थेंब, दातेरी चक्रांना ग्रीस, आणि ठोकळे ज्या कड्यावर घासतात ते कडे कोरडे, हा नियम पाळावा. तेल अधिक घातल्याने रीळ अधिक चालते हा भ्रम आहे. सरकत्या कडीच्या आत दांड्याच्या खाचेत फिरणारी एक लहानशी कील असते; वाळूने सर्वप्रथम तीच झिजते, आणि तिची किंमत फार नसल्यामुळे एक जादा कील नेहमी संग्रही ठेवावी. जुन्या अँबॅसडरसोबत चामड्याच्या पेटीत अवजार, तेलाची बाटली आणि काही सुटे भाग येत असत. मालकाने आपली वस्तू स्वतः सांभाळावी, ही त्या कारखान्याची अपेक्षा त्यातून उघड दिसते.

शेवटी, रीळ घेऊन कोठे जावे याविषयी. महाराष्ट्रातील धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क पुष्कळ ठिकाणी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात; त्यांची परवानगी घेतल्याविना काठी उघडू नये, कारण तो त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या डोहांत माशांना देवीचे मानून पिढ्यान्‌पिढ्या राखले आहे. तेथे आमिष फेकण्याचा विचारही करू नये. महसीराची अवस्था तर चिंताजनक आहे. कावेरीच्या खोऱ्यातला कुबडाचा महसीर २०१८ साली अतिसंकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत गेला, आणि आपल्याकडे लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० नंतरच्या दशकापासून महसीराची कृत्रिम पैदास करावी लागत आहे. ज्याचा ड्रॅग नीट बसविलेला आहे आणि अंगठा तयार आहे, तो मासा थोड्या वेळात जवळ आणू शकतो. दीर्घ झुंजीने गलितगात्र झालेला मासा सोडला तरी पुष्कळदा वाचत नाही. तेव्हा नदीवर जाण्यापूर्वी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, आणि महसीर लागला तर हात ओले करून, त्याला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा व जाऊ द्या.